रिकाम्या खोलीची कॅसेट

आधीच सांगून टाकते, मी ह्यातली नाही. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मला जांभई येते. माहेर पुण्याचं, वडील शाळेत सायन्स शिकवायचे. उंबऱ्यावर लिंबू-मिरची दिसली तर मिरची फोडणीला टाकू का, असं विचारणारी मी! तुमच्या ह्या सदरातले अनुभव वाचूनसुद्धा 'बाई, एकदा बी.पी. तपासून घ्या' असंच मनात म्हणत आलेय. तेव्हा आज मीच लिहायला बसलेय, हे बघून आमचे हे हसताहेत. हसू देत. त्या वेळी ते हसत नव्हते.

घर हैदराबादला, काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत. सासरे रेल्वेत होते, त्यांनीच बांधलेलं. पुढची खोली मोठी, वर सागवानी तुळया, आणि मधल्या तुळईला दोन लोखंडी कड्या. त्या कड्यांना झोपाळा. झोपाळ्यावर माई, म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना तिथंच पाहत आले. भाजी निवडायची तिथं, पेपर तिथं, दुपारचा चहा तिथं, आणि माझं काय चुकतंय ते सांगायचं तेही तिथूनच. भांडण असं आमचं कधी झालं नाही. 'अहो माई' आणि 'हौ, ठीक आहे' एवढ्यावर आमचा संसार चालला होता. मी पुण्याची, त्या पक्क्या हैदराबादी, मराठवाड्यातून आलेल्या. माझ्या बोलण्याला त्या 'पुस्तकातलं' म्हणायच्या आणि त्यांच्या बोलण्यातलं अर्धं मला पहिली दोन वर्षं कळलंच नाही.

आणि ह्या 'पुस्तकातल्या' बोलण्यानेच मला काम मिळालं! केबल नुकतं घरोघर आलं होतं, रोज नवीन कंपनी, नवीन जाहिरात. हैदराबादच्या बियाणं कंपन्यांना महाराष्ट्रात कपाशीचं बी विकायचं होतं. त्यासाठी मराठी कॅसेट लागायच्या – जीपवर भोंगा लावून गावोगाव वाजवायच्या. सिकंदराबादच्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत राव म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि काम दिलं. स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून घरीच रेकॉर्ड करून द्यायचं. ह्यांनी, म्हणजे सुधीरनी, हौसेने टेप डेक आणि माईक आणला. मला तर आकाश ठेंगणं झालं. घरात माझं असं काही पहिल्यांदाच घडत होतं.

पहिली कॅसेट ऐकून रावांनी मान हलवली. "मॅडम, वॉइस चाला बागुंदि... रूम बागोलेदु." आवाज छान आहे, खोली छान नाही! खरंच, मी हौदात बसून बोलतेय असं वाटत होतं. उघड्या भिंती, शहाबादी फरशी, शब्द नुसता घुमायचा. खोली सुधारा, नाहीतर हे काम पुण्या-मुंबईच्या कुणाला तरी द्यावं लागेल, असं त्यांनी गोड शब्दांत सांगून टाकलं.

मग सुरू झालं आमचं पॅनेल-पुराण. शेजारच्यांनी सुचवलं, अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला चिकटवा, सगळे स्टुडिओवाले तेच करतात. माईंच्या घरात अंड्यांचे ट्रे! त्या नुसत्या ऐकूनच आत गेल्या आणि आंघोळ करून बाहेर आल्या. सुधीरनी कुठूनसं वाचून सांगितलं की तसंही ट्रेने काही होत नाही, जाडी लागते. फोम आणला, तर माझा आवाज वरून मऊ झाला पण खालचा घुमारा तसाच. शेवटी राणीगंजच्या बाजारातून रॉकवूलच्या जाड लाद्या आणल्या. बॉयलरला गुंडाळतात ना, तेच. अंगाला लागलं की दोन दिवस खाज. लाकडी चौकटीत बसवायचं आणि वरून कापड – पण कापड असं हवं की फुंकर आरपार गेली पाहिजे.

कापडाचा प्रश्न माईंनी सोडवला. म्हणजे चिडून सोडवला. "दुकानातून आणून पैसे कायको घालवायलात? माझ्या जुन्या नारायणपेठी आहेत की. घ्या, लावा भिंतीला. मलाच लावा एकदाचं!" जांभळी, मोरपंखी, चटणी रंगाची – धुऊन धुऊन विरलेली सुती लुगडी. फुंकर आरपार जात होती. आम्ही ती चौकटींवर ताणून बसवली. खोली दिसायला इतकी सुरेख झाली की काय सांगू.

जागा ठरवण्याची पद्धत मजेशीर असते. एकाने माईकशी खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात जिथे माईक दिसेल तिथे खडूची खूण. आवाज तिथूनच आपटून परत येतो, पॅनेल तिथेच लावायचं. मी खुर्चीत, सुधीर आरसा घेऊन भिंतीला चिकटलेले, आणि दारात माई. "काय करायलास रे? भिंतीला तोंड दाखवायलास का?" मग मध्ये उभं राहून टाळी वाजवून बघायची. आधी टाळीमागे टर्रर्र असा आवाज यायचा. एकेक पॅनेल चढलं तसा तो कमी होत गेला.

पण पुरता जाईना. सुधीरनी आरसा छताला धरला आणि मला त्यात माईक लख्ख दिसला. डोक्याच्या बरोब्बर वर, दोन कड्यांच्या मध्ये. झोपाळ्याच्या जागी.

झोपाळा काढायचा हे माईंना सांगायला आम्ही दोघं एकमेकांना ढकलत होतो. शेवटी सुधीरनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हौ, काढा," एवढंच. त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी एक शक्कल काढली. झोपाळ्याची फळी माळ्यावर न टाकता तिलाच खालून रॉकवूल लावायचं, वर लुगडं ताणायचं आणि त्याच कड्यांना आडवी टांगायची. "माई, तुझा झोपाळा कुठे गेला नाही, नुसता वर गेलाय!" चांगली दोन माणसं ऐसपैस बसतील अशी सागवानी फळी. मी म्हटलं, जड आहे. तर सगळे माझ्यावर तुटून पडले. सुधीर स्वतः कडीला लोंबकळून दाखवायला लागले. माईंना तर रागच आला. "ह्यांनी बसवलेल्या कड्या आहेत त्या. माझ्या तिन्ही बाळंतपणांत पाळणा होता त्यांना. चार-चार माणसं झुललीत. आता फळी पेलवत नाही व्हय?" ह्या घरात त्या कड्यांवर शंका घेणं म्हणजे सासऱ्यांवर शंका घेणं. मग मीच शिडी धरली.

फळी चढली, आणि टाळी वाजवली तर... टप्. एवढंच. मागे काहीही नाही. रावांनी पुढची कॅसेट ऐकून फोनवर "सूपर, मॅडम!" म्हटलं. मी जिंकले होते.

अडचण एकच उरली. माई. झोपाळा गेला तरी त्यांची जागा सुटली नाही. माझी पाठ फिरली की माझ्याच रेकॉर्डिंगच्या खुर्चीत, फळीच्या बरोबर खाली, सूप मांडीवर घेऊन बसायच्या. मी विनवायची, "अहो माई, जरा आत बसता का?" "माईक का खायले मी?" की झालं. मी 'अहो'ने विचारणार आणि त्या ढिम्म हलणार नाहीत, असं रोज.

आता त्या दुपारचं. सुधीर ऑफिसात, मुलं शाळेत. रावांनी सांगितलं होतं की काम सुरू करायच्या आधी रिकाम्या खोलीचा आवाज एकदा टेप करून ऐका, म्हणजे कुठे काय घुमतं, बाहेरून काय येतं ते कळतं. मी नव्या कॅसेटचं वेष्टन फोडलं, ती डेकमध्ये घातली, रेकॉर्डिंग चालू केलं, पंखा बंद करून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. माई आत पलंगावर पडल्या होत्या. थोड्या वेळाने जाऊन कॅसेट काढली, वॉकमनमध्ये घातली आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. कानावर हेडफोन.

शांतता. लांब कुठेतरी गाडीची शिट्टी, तीही रजईखालून आल्यासारखी. मी खूश होऊन ऐकत होते. आणि मग –

"माई, ऊठ! ऊठ ना गं माई!"

माझा आवाज.

दुसऱ्या कुणाचा असता तर मी शेजारचा म्हटलं असतं. पण दिवसदिवस स्वतःचा आवाज ऐकून, कापून, पुन्हा ऐकून काम करणारी बाई मी. माझा 'ऊ' कुठे चिरकतो ते मला ठाऊक आहे. तो माझाच आवाज होता, माईकच्या अगदी जवळून. त्यामागे एक बारीक आवाज – ठण् – आणि काहीतरी घरंगळत गेल्यासारखं. मग पुन्हा शांतता.

मी आयुष्यात माईंना 'ऊठ' म्हटलं नव्हतं. 'गं' तर नाहीच नाही. वॉकमन बंद करायचंही सुचलं नाही. तशीच उठले आणि आत गेले. पलंग रिकामा.

पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. माई माझ्या खुर्चीत बसून गवार मोडत होत्या. वर फळी, जांभळं लुगडं, सगळं जिथल्या तिथे. भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं. आणि तरी उंबऱ्यातून माझ्या तोंडून निघालं, "माई, ऊठ! ऊठ ना गं माई!" मी ठरवून नाही ओरडले. कानात होतं तेच तोंडात आलं.

माईंचा हात थांबला. एवढ्या वर्षांत सुनेने पहिल्यांदा 'ऊठ' म्हटलं होतं! "काय म्हनलीस? मला?" त्या ताडकन उठल्या. सूप मांडीवरून पडलं, गवार फरशीभर. "मला ऊठ म्हनतीस? पुण्यात हे शिकवलं व्हय तुला?" तावातावाने माझ्याकडे आल्या, माझ्यासमोर बोट नाचवलं...

आणि त्यांच्या पाठीमागे कडी सुटली.

आधी एक बाजू आली, मग अख्खी फळी. खुर्चीच्या काटक्या-काटक्या झाल्या. खोलीभर रॉकवूलची पिवळट धूळ. त्याच खुर्चीत सकाळी मी तासभर बसले होते आणि माई आत्ता, आत्ता... मी मटकन खाली बसले. माईंचं बोट तसंच हवेत होतं. त्या हळूहळू वळल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "गवार सगळी वाया गेली गं." मग त्याही माझ्याशेजारी फरशीवर बसल्या आणि माझा हात धरून ठेवला. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा गार होता.

सुतार येऊन बघून गेला. तुळई बाहेरून रंगवलेली, गुळगुळीत. कडीभोवती आतून वाळवीने भुसा केलेला. झोपाळ्यासकट ती कधीही आली असती, त्याच दिवशी का आली ह्याला काही कारण नाही. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे.

कॅसेट समजण्यासारखी नाही. संध्याकाळी सुधीरनी ती ऐकली. त्यांना घाम फुटला, पण हार कोण मानणार! "तू मघाशी ओरडलीस तेच टेप झालंय." अहो, ओरडले तेव्हा कॅसेट माझ्या कमरेच्या वॉकमनमध्ये होती! "मग आधी कधीतरी म्हटलं असशील." नव्या कोऱ्या कॅसेटवर? आणि आज ओरडले तेच टेप झालं म्हणता, तर फळी पडल्याचा धडाका कुठाय? टेपवर ओरडल्यानंतर ते ठण्, ते घरंगळणं, आणि शांतता. साधी टाचणी पडल्याचाही आवाज नाही. ह्यांनी तीनदा ऐकलं आणि मग उठून गच्चीवर गेले.

माई ऐकायचंच धरून बसल्या. त्यांच्या अंबाड्यावरून मी हेडफोन बसवले. डोळे मिटून ऐकलं, काढून माझ्या हातात दिले. मला वाटलं घाबरतील. त्या म्हणाल्या, "तू मघा अशी नाही ओरडलीस, मीना. मघा तू घाबरून ओरडलीस. हे ओरडणं नाही. हे रडणं आहे." मग म्हणाल्या, "ठेवून दे कुठंतरी. मला पुन्हा ऐकवू नक्को." त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

छताला पुन्हा काही टांगलं नाही. काम चाललं, बरंच चाललं, मग कंपन्यांनी जीप पाठवणं बंद केलं तसं संपलं. आमचं 'अहो माई'ही परत सुरू झालं. एवढंच की अधूनमधून त्या माझी फिरकी घ्यायच्या, "आज ऊठ नाही म्हनलीस ते? उठूच का नक्को?" आणि मी लाजायची. एकदा तर म्हणाल्या, "म्हनत जा की. मला गोड लागलं होतं." माझ्याच्याने पुन्हा म्हणवलं नाही. जीभच वळायची नाही, आणि खरं सांगू? मला त्या कॅसेटची भीती वाटायची.

बऱ्याच वर्षांनी माई अंथरुणाला खिळल्या. त्यांना गाड्यांचा आवाज सोसेना, म्हणून आम्ही त्यांचा पलंग पुढच्या खोलीत हलवला. पॅनेल अजून भिंतीवर होती, त्यांच्याच नारायणपेठी, रंग उडालेल्या. "माझ्या लुगड्यांत झोपवलंस मला," म्हणायच्या. पलंग मध्ये होता, पूर्वी जिथे झोपाळा आणि मग माझी खुर्ची होती तिथेच. आम्ही ठरवून नाही ठेवला. पंखा आणि दिव्याचं बटण तिथून जवळ पडायचं म्हणून. त्या वेळेपर्यंत मीच त्यांना न्हाऊ-माखू घालत होते, भरवत होते. हळूहळू त्या घासासाठी माझी वाट बघायला लागल्या आणि मला त्यांच्याशिवाय करमेनासं झालं.

एके दिवशी सकाळी मी वाटीत पेज घेऊन गेले. ऊन आत आलं होतं. पंखा बंद होता, त्यांना वारा नको असायचा. लांबवर गाडी शिट्टी देऊन गेली. मी कडेला बसले, "अहो माई, पेज आणलीय" म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. गालाला हात लावला.

मला कळलं. आणि कळूनही मी कळू दिलं नाही स्वतःला. त्यांच्या खांद्याला धरून मी हलवलं आणि माझ्या तोंडून निघालं...

"माई, ऊठ! ऊठ ना गं माई!"

हातातली वाटी पडली. ठण्. आणि घरंगळत जाऊन पलंगाच्या पायाशी थांबली.

मग शांतता. त्या खोलीत कुठलाच आवाज मागे उरत नाही, तशी.

मी वर बघितलं तर सुधीर दारात उभे. ते जमिनीवरच्या वाटीकडे बघत होते. इतकी वर्षं ते ठण् कशाचं, ह्यावर आम्ही डोकं फोडत होतो – तांब्या, घंटा, सायकलची कडी. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही कळलं होतं. माई खरं बोलल्या होत्या. ते रडणंच होतं.

कॅसेट अजून कपाटात आहे. वॉकमन कधीच बिघडला, मी दुरुस्त केला नाही. भाऊ म्हणतो, ती लॅबमध्ये तपासून घे. कशासाठी? त्यात काय आहे ते मला पाठ आहे. सायन्सवाल्या वडिलांची मुलगी आहे मी, आवाज निघाल्याशिवाय ऐकू येत नाही हे मला शाळेतच शिकवलंय. माझं माईंसाठीचं रडणं एवढ्या वर्षांआधी त्या रिकाम्या खोलीत कसं पोचलं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी भांडणार नाही.

मी एवढंच धरून बसलेय की ते रडणं एकदा कामी आलं. पहिल्या वेळी 'ऊठ' म्हटल्यावर माई उठल्या होत्या.